व्हीलर दांपत्य, १९५५ : बोलणं उदंड, ऐकणं नाही

‘रिव्होल्यूशनरी रोड’ हा २००८ सालचा चित्रपट अनेकांनी ‘टायटॅनिक’ची जोडी अकरा वर्षांनी पुन्हा एकत्र आली म्हणून पाहिला. लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि केट विन्स्लेट. त्या आशेने गेलेले बहुतेक हादरूनच बाहेर आले असणार. देखणं, शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी असं एक जोडपं दोन तास एकमेकांना सोलून काढतं आणि शेवटी बायकोचा जीव जातो. दिग्दर्शक सॅम मेंडिस, पटकथा जस्टिन हेथची, मूळ कादंबरी रिचर्ड येट्स यांची, १९६१ मध्ये आलेली.

मला इथे चित्रपटाचं परीक्षण करायचं नाही. फ्रँक आणि एप्रिल व्हीलर यांचा संसार हे एक प्रकरण समजून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचं आहे, त्यामुळे शेवटही उघड होईल. या चित्रपटाबद्दल एक ठरीव वाक्य नेहमी कानावर येतं : उपनगरातल्या कंटाळवाण्या आयुष्याने त्या दोघांचा बळी घेतला. मला ते पटत नाही. त्याच रस्त्यावर, तशाच घरांत, तितक्याच कंटाळ्यात इतर जोडपी जगत राहिली. व्हीलरांच्या घरात वेगळं काय होतं? त्या घरात बोलणं कधी थांबलं नाही आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य समोरच्यावर मात करण्यासाठी होतं. ऐकून घेण्याची जागा तिथे तयारच झाली नाही.

माणसं आणि जागा

काळ १९५५. जागा अमेरिकेच्या कनेटिकट राज्याचा पश्चिम भाग, जिथून न्यूयॉर्कला रेल्वेने रोज ये-जा करता येते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणासाठी मदत आणि घरासाठी सवलतीचं कर्ज मिळू लागलं, आणि शहरांभोवती घरांच्या रांगा उठल्या. बाहेर हिरवळ, आत दिवाणखान्याला मोठी काचेची खिडकी, दारात मोटार. नवरा सकाळच्या गाडीने शहरात, बायको दिवसभर घरात. फ्रँक याच पिढीचा. तो युद्धात युरोपात होता आणि पॅरिस पाहून आला होता. हे पॅरिस पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

दोघं भेटतात न्यूयॉर्कमधल्या एका पार्टीत. ती अभिनय शिकतेय, तो गोदीवर हमाली करतोय आणि ते मोठ्या ऐटीत सांगतोय. आयुष्यात काय करायचं ते त्याला ठाऊक नाही, पण ते ठाऊक नसण्यातही त्याचा रुबाब आहे. एप्रिल भाळते ती या रुबाबावर. हा माणूस चारचौघांसारखा नाही, असं तिला वाटतं. तिला तसं वाटतंय हे त्याला आवडतं. पुढे सगळं ज्यावरून फाटतं ते इथेच सुरू झालेलं आहे : एकाने दुसऱ्याला असामान्य मानायचं आणि दुसऱ्याने तसं दिसत राहायचं.

मग एप्रिलला दिवस जातात, लग्न, दोन मुलं, उपनगरातलं घर. फ्रँक नॉक्स बिझनेस मशीन्स नावाच्या कंपनीत चिकटतो. त्याचे वडीलही तिथेच विक्रेते म्हणून झिजले. त्यांच्यासारखं व्हायचं नाही अशी लहानपणी मनाशी गाठ बांधलेला हा मुलगा तिशी गाठताना त्याच कंपनीत, त्याच कामाला नावं ठेवत बसलेला असतो.

रस्त्याकडेचं भांडण

भडका उडतो तो नाटकानंतर. गावातल्या हौशी मंडळींनी बसवलेल्या नाटकात एप्रिलची मुख्य भूमिका असते आणि प्रयोग साफ पडतो. फ्रँक आत येऊन तिला म्हणतो, काही फार गाजलं वगैरे नाही, नाही का. त्याला वाटतं, आपण हलकेच घेतोय. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही.

गाडीत ती एकच मागणी करते : आत्ता याबद्दल बोलू नकोस. विनंती साधी आणि स्पष्ट आहे. फ्रँक दोन मिनिटंही थांबू शकत नाही. नाटक पडलं यात आपली चूक नाही, हे त्याला तिच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे. आपण टिपिकल उपनगरी नवऱ्यांसारखे ठोंबे नाही, ही पावतीही त्याच वेळी हवी आहे. ती गाडीतून उतरते, तो मागोमाग उतरतो, आणि रस्त्याच्या कडेला अंधारात दोघं एकमेकांच्या वर्मी घाव घालतात. ती त्याच्या पुरुषपणावर येते. तो तिच्यावर मूठ उगारतो आणि ती मूठ गाडीच्या टपावर आपटतो.

या भांडणात त्या रात्री जिचं काहीतरी कायमचं गमावलं तिच्या दुःखाला एक ओळसुद्धा मिळत नाही, हे मला फार टोचतं. आपल्यात अभिनयाची ती ठिणगी नव्हती, हे एप्रिलला त्या रात्री कळलेलं आहे. भांडण मात्र सगळं फ्रँक कसा माणूस आहे यावर होतं. पुढच्या प्रत्येक भांडणाचा साचा हाच आहे. विषय तिचा असतो आणि खटला त्याचा चालतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा तिसावा वाढदिवस. ऑफिसातल्या मॉरीन नावाच्या सेक्रेटरीला तो जेवायला नेतो, दारू पाजतो आणि तिच्या बिछान्यापर्यंत जातो. घरी येतो तर एप्रिल नटून उभी, मुलं केक घेऊन गाणं म्हणताहेत. त्याच रात्री ती पॅरिसचा विषय काढते.

पॅरिसची योजना

या योजनेला भाबडी म्हणून उडवून लावणारे बरेच भेटतात. मला ती तशी वाटत नाही. घर विकायचं, साठवलेले पैसे घ्यायचे, शरद ऋतूत निघायचं. पॅरिसमधल्या सरकारी कचेऱ्यांत, आंतरराष्ट्रीय संस्थांत इंग्रजी सेक्रेटरींना चांगला पगार मिळतो, ती नोकरी एप्रिल करणार. फ्रँकने काहीच करायचं नाही. वाचायचं, फिरायचं, आपल्याला काय व्हायचंय ते शोधायचं. १९५५ मधल्या अमेरिकी गृहिणीने आखलेला हा बेत चांगलाच धाडसी आहे आणि हिशेबातही बसणारा आहे.

पण तिला स्वतःला काय हवंय? कमावणं हवंय, घराबाहेर पडणं हवंय, आपल्या हाताने घेतलेला एक निर्णय हवाय. हे सगळं तिने फ्रँकच्या शोधाच्या पाकिटात घालून दिलं, कारण त्या घरात काही मंजूर करून घ्यायचं तर ते त्याच्या मोठेपणाच्या भाषेतच मांडावं लागत होतं. त्यामुळे फ्रँकपुढे वेगळाच पेच उभा राहिला. पॅरिसला गेलो आणि शोधूनही आत काही सापडलं नाही तर? नोकरीला नावं ठेवत राहणं यापेक्षा कितीतरी सुरक्षित होतं.

तरी काही आठवडे दोघं खरंच आनंदी असतात. मित्र शेप आणि मिली कॅम्पबेल यांना ते बेत सांगतात. समोर कौतुक करणारं हे जोडपं घरी जाऊन एकमेकांना सांगतं की हा पोरकटपणा आहे, आणि मिली सुटकेने रडते. व्हीलरांचा बेत शहाणपणाचा असता तर आपलं आयुष्यही तपासावं लागलं असतं, ते टळलं म्हणून.

याच दिवसांत ऑफिसात एक गंमतशीर गोष्ट घडते. आता नोकरी सोडायचीच आहे म्हणून फ्रँक मालसाठ्याच्या हिशेबावरचं एक माहितीपत्रक बेफिकीरपणे, वाटेल तसं सांगून लिहवून घेतो. आपल्याकडे काय आहे, काय लागणार आहे आणि कशावाचून चालेल हे माहीत असणं म्हणजे मालसाठ्याचं नियंत्रण, अशा धर्तीचं. वरिष्ठांना ते भलतंच आवडतं आणि बार्ट पोलॉक त्याला बढतीसाठी बोलावून घेतो : कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरतेय, तू हवास. ज्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या घराबद्दल द्यायला तो कधी बसला नाही, तेच त्याने यंत्र विकण्यासाठी लिहून दिले होते. आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या कामाची किंमत केली. त्याला ते आवडलं. आवडण्यात गैर काहीच नव्हतं. गैर हे की ‘मला आता जायचं नाही’ हे वाक्य त्याने एप्रिलसमोर कधीच उच्चारलं नाही.

तिसरं मूल आणि त्या वेळचा कायदा

तो अशा दुविधेत असतानाच एप्रिलला पुन्हा दिवस राहिल्याचं कळतं. न सांगण्यासाठी त्याला आता कारण सापडतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आजच्या प्रेक्षकाला एप्रिलचं वागणं आततायी वाटू शकतं. कनेटिकटमध्ये १८७९ पासून एक कायदा होता, ज्यानुसार गर्भनिरोधक साधनं वापरणं हाच गुन्हा होता, नवराबायकोंसाठीसुद्धा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला १९६५ मध्ये, ‘ग्रिस्वोल्ड विरुद्ध कनेटिकट’ या खटल्यात. गर्भपाताचा हक्क देशभर मान्य व्हायला १९७३ उजाडलं, आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. कोणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देण्याची सोय अमेरिकेत कॅलिफोर्नियाने आधी केली, तीही १९७० पासून. थोडक्यात, १९५५ मध्ये या बाईला गर्भ राहू न देण्याचा, तो न ठेवण्याचा आणि सन्मानाने वेगळं होण्याचा असे तिन्ही रस्ते कायद्याने बंद किंवा चिखलाचे होते. ‘निघून का गेली नाही’ असं विचारणाऱ्याने आधी हे डोळ्यांपुढे ठेवावं.

न्हाणीघरातल्या कपाटात फ्रँकला घरच्या घरी गर्भपात करण्याचं रबरी उपकरण सापडतं. बारा आठवड्यांच्या आत केलं तर धोका नाही, असं एप्रिल ऐकून असते. तो चिडतो, आणि चिडण्यात थोडी खरी भीतीही असते. पण पुढे तो जे करतो ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात क्रूर वाटतं. कुठली शहाणी, नॉर्मल आई असं करेल, असं तो विचारतो. मग मानसोपचाराचा विषय काढतो. त्या काळात अमेरिकेत मानसोपचाराला मोठं वजन होतं आणि घराला कंटाळलेल्या बाईच्या मनातच काही बिघडलंय असं समजणं सोपं होतं. फ्रँकने मतभेदाचं निदान करून टाकलं. आता एप्रिल काहीही बोलली तरी ते आजाराचं लक्षण. वाद तिथेच संपला, कारण वादाला दोन शहाणी माणसं लागतात.

एप्रिल त्या वेळी एक सरळ गोष्ट बोलून जाते. खरं काय ते प्रत्येकाला ठाऊकच असतं, कितीही दिवस त्याच्यावाचून काढले तरी. माणसं फक्त खोटं बोलण्यात तरबेज होत जातात. ती त्याला विचारते, तुला खरंच अजून एक मूल हवंय का? त्याच्याकडे उत्तर नसतं. त्याला मूल नको असतं, पॅरिस नको असतं.

ऐकणारा एकच

या गोष्टीत नीट ऐकणारा माणूस एकच आहे आणि तो मनोरुग्णालयातून सुट्टीवर आलेला आहे. घर विकून देणाऱ्या हेलन गिव्हिंग्ज यांचा मुलगा जॉन, एकेकाळचा गणितज्ञ, विजेचे झटके खाऊन आलेला. मायकेल शॅननला या छोट्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ते अगदी योग्यच होतं. पहिल्या भेटीत जॉन दोघांच्या पॅरिसच्या बेतावर खूश होतो. आयुष्यात पोकळी आहे हे पुष्कळांना दिसतं, पण त्यातून सुटका नाही हे पाहायला धैर्य लागतं, असं तो म्हणतो आणि दोघं भारावतात. आपल्याला एवढं समजून घेणारा हाच एक, हे दोघांच्या बोलण्यात येतं, पण यावरून स्वतःबद्दल काय ताडायचं हे त्यांना सुचत नाही.

दुसऱ्या भेटीत बेत बारगळलेला असतो. कारण विचारल्यावर गरोदरपण पुढे केलं जातं. जॉन ते क्षणात फोडतो : फ्रँक घाबरला आणि बाळाच्या आड लपला. घरात सगळ्यांना जे ठाऊक होतं ते कोणीतरी मोठ्याने बोलल्यावर फ्रँक अंगावर धावून जातो. जाताजाता जॉन एप्रिलच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणतो, ते मूल मी नाही याचा मला आनंद आहे. एप्रिल हे सगळं शांतपणे ऐकते. कोणीतरी अखेर तिची बाजू बोलून दाखवली होती, पण ती वेड्याने बोलून दाखवल्यामुळे घरात तिला किंमत नव्हती.

जॉनचे वडील हॉवर्ड कानाला यंत्र लावतात. चित्रपटाच्या अगदी शेवटी बायको व्हीलरांबद्दल तोंडसुख घेत असते आणि म्हातारा यंत्राचा आवाज हळूहळू कमी करतो. हे दृश्य मोठं चतुर म्हणून नावाजलं जातं. मला ते जरा सोपं वाटतं. हॉवर्डजवळ बंद करण्यासाठी निदान यंत्र तरी होतं. फ्रँकचे कान शाबूत होते.

जॉन गेल्यावर जे भांडण होतं त्यात फ्रँक एक वाक्य बोलून जातो : तू तो गर्भ पाडलाच असतास तर बरं झालं असतं. इतके आठवडे ज्या गोष्टीसाठी त्याने तिला विकृत ठरवलं, तीच त्याला हवी होती. एप्रिल घराबाहेर पळते, झाडांमध्ये एकटी उभी राहते.

सकाळचा नाश्ता

आणि मग येते ती सकाळ. प्रकरण समजून घ्यायचं असेल तर हे एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं.

फ्रँक बिचकत स्वयंपाकघरात येतो. एप्रिल केस नीट बांधून, नेटके कपडे घालून शेगडीपाशी उभी. अंडी कशी हवीत विचारते. संत्र्याचा रस समोर ठेवते. त्याला कळत नाही की काल रात्रीचं वादळ गेलं कुठे. तो बसतो. ती त्याच्या नव्या कामाबद्दल विचारते, हे संगणक नेमके काय करतात म्हणून. तो उजळतो. पेन काढून कागदी रुमालावर आकृती काढून समजावू लागतो. ती मान डोलावते, मधूनच एखादा प्रश्न विचारते, लक्ष देऊन ऐकते. इतका छान नाश्ता कधी केला आठवत नाही, असं तो निघताना म्हणतो. माझा राग तर नाही ना, हेही विचारून घेतो. ती नाही म्हणते. दारातून हात हलवते.

कित्येक प्रेक्षकांना इथे क्षणभर बरं वाटतं, आणि चित्रपटाची ताकद यातच आहे. फ्रँकला जे लग्न हवं होतं ते हेच. एप्रिल एका सकाळीपुरतं ते त्याला जसंच्या तसं करून दाखवते. आदल्या रात्रीपर्यंत ती भांडत होती, ओरडत होती, बाहेर पळत होती, म्हणजे त्याच्याकडून अजून काहीतरी मागत होती. त्या सकाळी ती काहीच मागत नाही. विन्स्लेटने हे कमालीच्या संयमाने केलंय : आवाज सौम्य, पण डोळे त्याच्यावर नेमके टिकत नाहीत. नटी म्हणून पडलेल्या बाईने हा एकच प्रयोग निर्दोष केला आणि समोरच्या एकमेव प्रेक्षकाला तो खरा वाटला.

तो गेल्यावर ती भांड्यांपाशी कोसळते. मुलं कॅम्पबेलांकडे असतात, तिथे फोन करून ती मिलीशी बोलते. मग घरीच गर्भपात करून घेते. खिडकीपाशी उभी असताना रक्तस्राव सुरू होतो, ती स्वतःच फोन करून मदत मागवते, आणि रुग्णालयात दगावते.

जबाबदारी

फ्रँकला खलनायक ठरवणं मला पुरेसं वाटत नाही. तो दुष्ट नाही, भित्रा आहे, आणि आपलं भित्रेपण बायकोच्या डोळ्यांत दिसू नये म्हणून तो बोलतच राहतो. मॉरीनबरोबरचे संबंध तो एप्रिलला आपण होऊन सांगतो, तेही पश्चात्ताप म्हणून कमी आणि तिला काहीतरी वाटावं म्हणून जास्त. ती विचारते, हे मला का सांगितलंस? मत्सर वाटावा म्हणून? एप्रिलही निर्दोष नाही. तीही शेपबरोबर गाडीत एका रात्रीपुरती जाते आणि त्या बिचाऱ्याच्या प्रेमाची तिला पर्वा नसते. रस्त्याकडेच्या भांडणात तिने फ्रँकला जिथे मारलं तिथून तो पुन्हा सावरलाच नाही.

पण दोघांच्या चुका सारख्या वजनाच्या धरणं अन्यायाचं होईल. फ्रँक चुकला तर त्याला बढती, दुसरी बाई, रोजची गाडी आणि शहर होतं. एप्रिलकडे तिचं शरीर तेवढं होतं आणि त्यावरही राज्याचा कायदा आणि नवऱ्याचं मत चालत होतं. हे प्रकरण वळू शकलं असतं अशी जागा मला एकच दिसते : पोलॉकबरोबर जेवून फ्रँक घरी आला ती संध्याकाळ. ‘मला ही नोकरी आवडू लागलीय, मला भीती वाटतेय’ एवढं तो म्हणाला असता तर कदाचित लग्न मोडलं असतं. एप्रिल जगली असती.

चित्रपटाने गाळलेलं पान

प्रकरणात एक त्रुटी उरते आणि ती चित्रपटाची आहे. फ्रँकचे वडील, त्यांची नोकरी, त्यांच्याबद्दलची लाज, हे सगळं आपल्याला कळतं. एप्रिल मात्र पार्टीत अवतरते, जणू तिला मागे काहीच नव्हतं. येट्स यांच्या कादंबरीत तिचे आईवडील लवकर वेगळे झालेले आहेत, वडिलांनी आत्महत्या केलेली आहे आणि ती नातेवाईक बायकांकडे वाढलेली आहे. ज्या मुलीला स्वतःचं घर असं कधी मिळालंच नाही तिच्यासाठी नको असलेलं मूल जन्माला घालणं म्हणजे काय, हे त्या पानांवर समजतं. चित्रपटात ते सगळं गेलंय. दोन मुलंही जवळजवळ पडद्याबाहेरच राहतात.

कादंबरीतही एप्रिलच्या मनात आपण उशिराच शिरतो, त्या शेवटच्या सकाळीच. तोवर सगळं फ्रँकच्या किंवा इतरांच्या नजरेतून चाललेलं असतं. पण शिरतो तरी. चित्रपट पाहून ज्यांना एप्रिल दुर्बोध वाटली त्यांनी कादंबरीतलं तेवढं प्रकरण तरी वाचावं.